कोंबडाछाप झाकणं

विल्नो, १३ ऑक्टोबर १९८५

चि. क्लेमेन्स यास,
ब्रोनियाताईचे अ. उ. आ. लुसियालाही सांग.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून फुगून बसू नकोस. बटाटे काढायचे होते, चर्चच्या जेवणासाठी बटाट्याच्या सारणाचे दोनशे पिएरोगी वळायचे होते, आणि माझी बोटं आता माझं ऐकत नाहीत. पोलादाच्या कारखान्याने तुला घरी बसवलं हे वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. एकतीस वर्षं भट्टीसमोर उभं राहिलेल्या माणसाला एका चिठ्ठीवर निरोप देतात, ही कुठली रीत? पण तू घरात बसून लुसियाच्या भांड्यांची झाकणं उघडून बघत असशील, तर मला तुझी नाही, तिची काळजी वाटते.

रोमुआल्डच्या ट्रकातून डझनभर बाटल्या पाठवतेय. लाकूड टाकायला तो दर पंधरा दिवसांनी तुमच्या हॅमिल्टनला येतो, त्याला तुझा पत्ता पाठ झालाय. आपली नेहमीची काळी बिअर आहे. आठवडाभर उभी ठेव, लगेच उघडलीस तर तळाचा गाळ पिशील आणि मला नावं ठेवशील. आणि बाटल्या परत पाठव. गेल्या खेपेला बारा गेल्या, नऊ आल्या. कंपन्यांनी या बुटक्या बाटल्या आता बंदच केल्या. नव्या निघाल्यात त्या उंच मानेच्या, पिळून उघडायच्या. त्यांच्या तोंडाला आटे असतात, आपल्या यंत्राने दाबलेलं झाकण त्यावर घट्ट बसत नाही, आणि काचही पातळ. शेजारच्या पेलाग्याला मी लाख सांगितलं, तरी तिने चार डझन तशाच भरल्या. निम्म्या फुसक्या निघाल्या, दोन तळघरात फुटल्या आणि तिचं लोणचं काचेसकट फेकावं लागलं. तेव्हा तिकडे कोणाच्या घरात बुटक्या बाटल्या पडल्या असतील तर लाज न बाळगता मागून घे.

झाकणांची मात्र चिंता नाही. बंद पडलेल्या सोड्याच्या कारखान्यातून बाबांनी आणलेलं लाल कोंबड्याच्या झाकणांचं पोतं अजून अर्धं भरलेलं आहे. मी गेल्यावरही पुरेल.

आता एक तक्रार ऐक. आमचा ऑगस्टिन, देव त्याला शांती देवो, पाहुणे आले की दुकानातली बिअर आणायचा आणि माझी गवत कापणाऱ्यांना द्यायचा. त्याच्या लेखी ते बायकांचं स्वयंपाकघरातलं काम. तू तीस वर्षं पितोयस आणि पत्रात काय लिहितोस, तर बाटल्या पोचल्या. या खेपेला एक ओळ जास्तीची लिही, कशी झालीय ते. साठी आली माझी, एकदा कोणीतरी सांगावं असं वाटतं.

लोभ आहेच. तो रिकाम्या बाटल्यांसकट परत यावा.

तुझी ताई,
ब्रोनिया


हॅमिल्टन, २४ नोव्हेंबर १९८५

ती. ताईस,
क्लेमेन्सचा सा. न. वि. वि.

बाटल्या पोचल्या. हे वाक्य तुला आवडत नाही, पण दुसरं काय लिहू? बिअर नेहमीसारखी झालीय. बाराच्या बारा बाटल्या धुऊन, पालथ्या वाळवून रोमुआल्डकडे दिल्यात. मोजून घे आणि मला चोर म्हणणं थांबव.

घरी बसून माणूस कुजतो, ताई. सकाळी पाचला जाग येते आणि मग कळतं की कुठेच जायचं नाही. लुसिया म्हणते मी घड्याळासारखा घरभर टिकटिकत फिरतो. म्हणून दर गुरुवारी चर्चच्या सभागृहात काही हौशी मंडळी जमतात, घरी बिअर करणारी, त्यांच्यात जाऊन बसायला लागलोय. त्यात दाताचे डॉक्टर आहेत, शाळामास्तर आहेत, एक वकीलही आहे. एकेक जण बोलायला लागला की दवाखान्यात औषधांची नावं ऐकतोय असं वाटतं. मीही तळघरात परत हात चालवून बघावा म्हणतो.

त्यासाठी जरा नीट सांग. बार्ली पावाच्या भट्टीत किती वेळ ठेवतेस? कितपत काळी होऊ देतेस? मध केव्हा घालतेस, उकळताना की गार झाल्यावर? आणि किती? तू म्हणशील अंदाजाने. अंदाज मला कळत नाही, मापात सांग.

आणखी एक. पुढची डझन पाठवशील तेव्हा बाटल्या साध्या बघून दे, काचेवर कंपनीचं उठावाचं नाव नसलेल्या. खांद्यावर ओरखडे नकोत, आणि ते तुझे तारखेचे कागदही चिकटवू नकोस. लुसियाने नवं काचेचं कपाट घेतलंय, त्यात मांडायच्या म्हणते.

तुझ्या रागावण्यातही माया असते हे मला ठाऊक आहे, ती अशीच राहू दे.

तुझा धाकटा,
क्लेमेन्स


विल्नो, १२ जानेवारी १९८६

चि. क्लेमेन्स यास अ. उ. आ.

नव्या वर्षाचे आशीर्वाद दोघांनाही. इथे बर्फ खिडकीच्या निम्म्यापर्यंत आलाय. परवा पेलाग्या आमच्याकडे यायला निघाली आणि मध्येच कमरेपर्यंत रुतली. तिला ओढून काढताना आम्ही दोघी एवढ्या हसलो की दोघीही बसलो तिथेच.

काचेच्या कपाटात बिअर मांडणारं घर मी पहिल्यांदा ऐकलं. लुसियाला सांग, माझ्या बाटल्या कधीपासून पाहुण्यांना दाखवायच्या झाल्या? पण तिने मागितल्या म्हणून दिवसभर तळघरात बसून निवडल्या. बाटली वीसदा भरली की खांद्याजवळ पांढरट पट्टा पडतोच, तसा नसलेल्या बारा शोधता शोधता कंबर धरली. जुने कागद निघावेत म्हणून धुण्याच्या सोड्यात दोन दिवस बुडवल्या. तुझ्या कपाटासाठी अख्खा आठवडा गेला.

आता माप. बार्ली, पाव काढल्यावर भट्टी उतरत असते तेव्हा, तव्यावर एक बोट जाडीच्या थरात, दोन तास. दर पंधरा मिनिटांनी हलवायची. कॉफीच्या दाण्याइतकी काळी नको, राय धान्याच्या काळ्या पावाच्या कडेसारखी व्हायला हवी. एवढं आईने शिकवलेलं. मध मात्र माझा. तुला आठवत नसेल, तू तेव्हा नुकता हॅमिल्टनला गेला होतास. पंचावन्न सालच्या हिवाळ्यात ऑगस्टिन लाकूडतोडीच्या छावणीवर, घरातली साखर संपलेली, रस्ता बंद. बार्ली तर भिजवून झालेली. मी कपाटातला कुट्टूच्या फुलांचा काळा मध ओतला. पहिली खेप खोकल्याच्या औषधासारखी झाली. दुसरी डुकरांना घातली. तिसऱ्या खेपेला उकळताना न घालता, कोमट झाल्यावर वीस लिटरला पाच कप घातला, आणि झाकण लावताना प्रत्येक बाटलीत अर्धा चमचा. ती जमली. तेव्हापासून तीच करते. कडूपणासाठी कुंपणावरच्या वेलीचे हॉप्स दोन मुठी, तुझ्या नाही, माझ्या.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. पेलाग्या वीस वर्षं विचारतेय. तू माझा भाऊ म्हणून सांगितलं, तेव्हा त्या दातांच्या डॉक्टरांसमोर बडबडू नकोस. आणि केलीस की मला एक बाटली पाठव, मी चुका काढीन.

बाटल्यांवर नसला तरी माझ्यावर तुझा जीव आहे हे धरून चालते.

तुझी ताई,
ब्रोनिया


विल्नो, २३ मार्च १९८६

चि. क्लेमेन्स यास अ. उ. आ.

खोकं आलं. बाटल्या बाराच्या बारा, शाब्बास. पण पत्र कुठे? आतल्या कागदावर दोन शब्द, सगळं ठीक. माझ्या भावाला आता दोन शब्दांवर भागवायची सवय लागली.

एक गंमत विचारते. खोक्याच्या तळाशी तीन झाकणं पडली होती, आमची कोंबड्याचीच, पण वरून काळ्या शाईने रंगवलेली. इतकी घट्ट रंगवलेली की कोंबड्याचा तुरासुद्धा दिसत नाही. नखाने खरवडलं तेव्हा खाली लाल लागलं. बिचाऱ्याच्या तोंडाला काळं फासण्याएवढं त्याने काय केलं? पेलाग्या म्हणते हॅमिल्टनला आता झाकणांनाही सुतक लागतं.

ईस्टरला येताय का दोघं? अंडी रंगवायला कोणी नाही घरात. सॉसेज धुरावर टांगलेत. येणार नसाल तर निदान तुझ्या हातची बिअर पाठव, दोन महिने झाले की करणार होतास त्याला.

माझी आठवण तुमच्या घरी माझ्या बाटल्यांपेक्षा जास्त दिवस टिको.

तुझी ताई,
ब्रोनिया


हॅमिल्टन, ६ एप्रिल १९८६

ती. ताईस क्लेमेन्सचा सा. न. वि. वि.

ईस्टरला यायला जमलं नाही, माफ कर. लुसियाची आई आजारी, आणि माझंही एक काम निघालं. ते सांगतो.

झाकणांचं काही विशेष नाही. मी पण कपाटात माझ्या बाटल्या ठेवल्या होत्या, तुझ्या कुठल्या आणि माझ्या कुठल्या हे ओळखायला रंगवली. माझी बिअर काही पाठवण्यासारखी झाली नाही. तुझ्या मापाने केली तरी पाण्यासारखी लागते, भट्टीचा फरक असेल.

कामाचं म्हणजे, इथे दोघं तरुण एक लहानशी ब्रुअरी उघडताहेत, मोठ्या कंपन्यांसारखी नाही, चार टाक्यांची. गुरुवारच्या मंडळींमुळे ओळख झाली. त्यांना आच सांभाळणारा माणूस हवा होता, मला कामाची गरज होती. मेपासून जायचं. ताई, सकाळी पाचला उठायला परत कारण मिळालं. लुसिया आनंदाने रडली.

त्या मधाचा पत्ता तेवढा कळव, कोणत्या शेतकऱ्याकडून घेतेस. आणि जमलं तर तुझी एक डझन अजून.

तुझ्या आशीर्वादाने चाललंय, तो आखडता घेऊ नकोस.

तुझा,
क्लेमेन्स


विल्नो, १८ मे १९८६

क्लेमेन्स,

आशीर्वाद वर लिहिलेले नाहीत. विसरले नाही, मुद्दाम लिहिलेले नाहीत.

मी मंगळवारी पेम्ब्रोकला गेले होते, द्यूफ्रेनच्या दुकानात माल्टचं पोतं आणायला. त्याने मला बघितल्याबरोबर काउंटरवर एक छापील अंक उघडून ठेवला, तुमच्या घरगुती बिअरवाल्यांच्या मंडळाचा. आत तुझा फोटो. छातीवर पहिल्या बक्षिसाची निळी फीत, हातात बुटकी बाटली. तिच्या तळाजवळचा टवका मला ओळखता आला, ती बाटली मी स्वतः सोड्यात बुडवली होती. फोटोखाली तुझं बोलणं छापलंय: "ही बिअर पूर्णपणे माझी आहे. तळघरात सहा वर्षं खपलो तेव्हा ही चव सापडली." पुढे सगळंच आहे, पावाची भट्टी, कुट्टूचा मध, कोमट झाल्यावर घालायचा तो. स्पर्धेत बाटलीवर खूण चालत नाही म्हणून सगळ्यांना झाकणं काळी करावी लागतात, असंही त्यात लिहिलंय. आणि येत्या हिवाळ्यात नवी ब्रुअरी ती बाजारात आणणार. नाव ठरलंय, क्लेमेन्सची काळी.

द्यूफ्रेनने माझं अभिनंदन केलं. म्हणाला असा भाऊ असायला नशीब लागतं. मग म्हणाला, मी पण घरी थोडंफार काही करते ना, तर भावाकडून चार गोष्टी शिकून घ्याव्यात. मी पोतं धरून उभी होते. काय सांगणार होते? की हा माझा भाऊ चोर आहे? पैसे दिले आणि गाडीत येऊन बसले आणि अर्धा तास किल्ली फिरवली नाही.

लुसियाचं काचेचं कपाट. ते आहे तरी का? तुझं ओळखायला रंगवलेलं झाकण. तुझी पाण्यासारखी झालेली बिअर. मी तुझी पत्रं काढून ओळीने वाचली, आणि प्रत्येक प्रश्न कशासाठी होता हे आता कळतंय. मी बावळट, मुठी कोणाच्या हे सुद्धा लिहून दिलं.

राग कशाचा आहे ते सांगते, म्हणजे तू दुसरंच धरून बसणार नाहीस. तुला फीत मिळाली याचा नाही. ब्रुअरीचाही नाही. मी तुला विचारलं होतं कशी झालीय, आणि तू लिहिलंस नेहमीसारखी. त्याच वेळी तुला ती इतकी चांगली वाटत होती की तू ती स्वतःची म्हणून घेऊन निघाला होतास. एक ओळ मागितली होती रे. ती ओळ तू माझ्याऐवजी छापखान्याला दिलीस.

पुढची डझन येणार नाही.

ब्रोनिया


हॅमिल्टन, १ जून १९८६

ती. ताईस,
क्लेमेन्सचा सा. न., तू घेतलास तर.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. कपाट नाही. मी चार वेळा पत्र लिहायला बसलो आणि फाडलं. लुसियाला तुझं पत्र दाखवलं, दोन दिवस झाले तिने माझ्याशी बोलणं सोडलंय, ताट आणून आपटते फक्त.

मी ठरवून केलं नाही, ताई. पहिल्यांदा गुरुवारच्या मंडळींसाठी तुझी बाटली घेऊन गेलो, दाखवायला. त्या वकिलाने एक घोट घेतला आणि डोळे मिटून बसला. मग विचारलं कोणाची. मी म्हणालो माझी. तोंडातून निघून गेलं. माझ्या बहिणीची म्हणायचं होतं, पण ती सगळी शिकलेली माणसं माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, तसं कारखान्यात एकतीस वर्षांत कोणी बघितलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात सांगू म्हटलं. मग त्यांनी स्पर्धेत नाव घातलं. मग फीत. मग ती दोन पोरं कामाचं विचारायला घरी आली. दर पावलाला वाटलं, आता सांगितलं तर काय तोंड दाखवू. आता जर तू ब्रुअरीला कळवलंस तर मला उद्या काढतील, आणि चोपन्नाव्या वर्षी दुसरं काम मिळणार नाही. हे सांगून तुला अडवत नाही. तुझा हक्क आहे.

पण मला एक संधी दे, मी हे सरळ करतो. सप्टेंबरात टोरोंटोला मंडळाची मोठी स्पर्धा आहे. मी आता धंद्यात गेलो म्हणून मला भाग घेता येत नाही, तेव्हा माझी आडकाठी नाही. तू तुझ्या नावाने तीन बाटल्या पाठव. पहिली येणार यात मला तिळभर शंका नाही. नाव पुकारलं की मी भर सभेत उभा राहून सांगीन, ही माझी बहीण, आणि माझी फीतही हिचीच. ब्रुअरीचे दोघंही तिथे असतील. त्यांनाही कळेल आणि बाटलीवरचं नाव बदलावं लागेल, ब्रोनियाची काळी. सगळ्यांसमोर एकदम झालं तर माझी थोडी तरी अब्रू राहील. तेवढं कर माझ्यासाठी. आईची शपथ घेऊन सांगतो.

माफी मागायला जे शब्द लागतात ते मला येत नाहीत. तुझ्या मनात अजून माझी जागा असेल तर ती काढून घेऊ नकोस.

क्लेमेन्स


विल्नो, ३१ ऑगस्ट १९८६

चि. क्लेमेन्स यास,
अर्धे आशीर्वाद. उरलेले सप्टेंबरानंतर.

तीन महिने तुला पत्र नाही, कारण काय लिहावं ते ठरत नव्हतं. पेलाग्याला सगळं सांगितलं. ती म्हणाली ब्रुअरीला उद्याच पत्र टाक, तिकिटाचे पैसे मी देते. मी टाकलं नाही. तुझं ते वाक्य डोक्यातून जाईना, एकतीस वर्षांत कोणी तसं बघितलं नव्हतं. माझ्याकडेही कोणी बघितलं नव्हतं, क्लेमेन्स. पण एका आईच्या पोटची आपण, तुझी भूक मला कळते. म्हणूनच राग जात नाही आणि म्हणूनच पत्रही टाकवत नाही.

तर मी भाग घेतेय. नियमांचा कागद मागवून घेतला. साध्या तपकिरी बाटल्या, मानेत एक बोट मोकळी जागा, कुठे खूण नको. तीन बाटल्या निवडल्या, आंघोळ घालावी तशा धुतल्या. झाकणं या वेळी मीच काळी केली. शाई बोटांना लागली ती रविवारी चर्चमध्ये पण तशीच होती, फादर हात बघत राहिले. बिअर जुलैत भरलेली आहे. काल एक उघडून बघितली. फेस बोटभर, शेवटपर्यंत टिकला. माझ्या हातून याहून चांगली कधी झालेली नाही, हे मीच लिहिते, कारण दुसरं कोणी लिहिणार नाही.

बाटल्या तुझ्या हातात देणार नाही. रोमुआल्ड थेट टोरोंटोला नेऊन देईल. मला एवढ्या लांब बसून यायला जमणार नाही, पाय सुजतात. तेव्हा सभेत तू असशील आणि मी नसेन. तू दोन वाक्यं लिहिली होतीस, मला एकच पुरे: ही माझ्या बहिणीची आहे. तेवढं म्हण. मग झालं गेलं ते मी विसरेन, आणि तू इथे येशील तेव्हा पूर्वीसारखं जेवण वाढीन.

विश्वास ठेवायचं ठरवलंय. तो सांभाळ.

ताई


हॅमिल्टन, २८ सप्टेंबर १९८६

ती. ताईस क्लेमेन्सचा सा. न. वि. वि.

वाईट बातमी आहे, आधीच सांगून टाकतो. तुझा नंबर आला नाही. मला स्वतःला धक्का बसला. पण अशा स्पर्धांचं काही खरं नसतं, ताई. परीक्षक दिवसभरात चाळीस चाळीस बाटल्या चाखतात, जिभेवर चव कुठली राहते? कोण होते परीक्षक तेही मला ठाऊक नाही. मी मागच्या रांगेत बसलो होतो, शेवटपर्यंत तुझं नाव येईल म्हणून कान टवकारून.

उभं राहून बोलायची माझी तयारी होती. लुसियाला विचार, कोट इस्त्री करून नेला होता. पण नावच पुकारलं गेलं नाही तर कशाच्या जोरावर बोलणार? लोक म्हणाले असते, हरलेल्या बहिणीची बाजू घेतोय. तुझीच शोभा झाली असती. पुढच्या वर्षी परत पाठव, तेव्हा नक्की.

इकडे पहिली खेप टाक्यांतून निघाली. कागद छापून झाले होते, नाव आता बदलता येत नाही म्हणतात. तुला सहा बाटल्या पाठवतोय, बघ कशी वाटते. बाटल्या नव्या पद्धतीच्या आहेत, पिळून उघडायच्या, त्या परत नाही केल्यास तरी चालतील.

मनाला लावून घेऊ नकोस. तू मोठी आहेस, तुझं मनही मोठं आहे, त्यात मला राहू दे.

तुझा धाकटा,
क्लेमेन्स


विल्नो, १२ ऑक्टोबर १९८६

क्लेमेन्स,

तुझ्या सहा बाटल्या रोमुआल्डने आणून दिल्या. उघडल्या नाहीत. त्याच ट्रकाने परत येताहेत.

तुझं पत्र मिळालं तेव्हा मला तुझं खरं वाटलं होतं. पेलाग्यालाही सांगितलं की बिचारा कोट इस्त्री करून गेला होता. स्वतःवरच चिडले होते, जुलैत भट्टी जास्त तापली असेल, मध जुना असेल. आठवडाभर मी माझ्या बिअरमध्ये चूक शोधत होते. गेल्या रविवारी तर बाबांच्या झाकणांचं पोतं बांधून कोठीत टाकलं. आता कोणासाठी करायची, असं वाटलं.

गुरुवारी मंडळाकडून पाकीट आलं. भाग घेतलेल्या प्रत्येकाला परीक्षकांचे कागद पाठवतात, हे तू मला सांगितलं नव्हतंस. तुला वाटलं असेल मला कोण पाठवणार. तीन कागद आहेत, नावं नाहीत. पहिल्याने पन्नासपैकी बेचाळीस दिलेत. त्याने लिहिलंय की अशी बिअर त्याने उभ्या आयुष्यात प्यायलेली नाही आणि करणाऱ्याचा हात त्याला एकदा हातात घ्यावासा वाटतो. दुसऱ्याने चाळीस दिलेत. त्याने फक्त एक शब्द लिहिलाय, अप्रतिम. तो कागद मी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलाय.

तिसऱ्या कागदावर लिहिलंय, वास चांगला, फेस टिकतो, पण ही आधीच्या विजेत्या बिअरची नक्कल आहे, करणाऱ्याचं स्वतःचं यात काही नाही. आणि आकडा सतरा.

तो सतरा मी बराच वेळ बघत राहिले. सातच्या पोटातून आडवी रेघ ओढलेली आहे. बाबा तशी ओढायचे आणि त्यांनी आपल्या दोघांना तशीच शिकवली. शाळेत बाई त्यासाठी आपल्या बोटांवर पट्टी मारायच्या. माझी सवय मोडली, तुझी मोडली नाही. मग मी तुझी पत्रं काढून शेजारी ठेवली. गरज नव्हती, तीस वर्षं हेच अक्षर वाचतेय. मागच्या रांगेत नव्हतास तू. पुढच्या टेबलाशी पेन घेऊन बसला होतास.

पहिलं बक्षीस एकशे अठराला गेलं, पाकिटात तेही छापलंय. माझे नव्व्याण्णव झाले. तू सदतीस दिले असतेस तरी माझं नाव पुकारलं गेलं असतं, आणि मग तुला कोट घालून उभं राहावं लागलं असतं. सभेत उभं राहायचं टाळण्यासाठी तू बसल्या जागी मलाच नकली ठरवलंस. तेही अशा कागदावर, की कायमचा राहील. तू माझी बिअर नेलीस ते मी पोटात घातलं होतं. हे पोटात जात नाही.

ब्रुअरीला मी काही कळवणार नाही. तुझ्यासाठी नाही, लुसियासाठी. नोकरी कर. पहाटे पाचला ऊठ. बाटलीवर तुझं नाव राहू दे.

आणि ऐक, आजवर जे मागत होते ते मला मिळालं. चाळीस बाटल्या होत्या, सगळ्यांची झाकणं काळी, सगळ्यांची काच सारखी. त्या दोघा परक्यांना माहीत नव्हतं ते कोणाची बिअर पिताहेत, आणि त्यांनी खरं लिहिलं. तुला पहिल्याच घोटाला कळलं की ही ताईची आहे. कळलं, आणि मग तू पेन उचललंस.

तुझा कागद सोबत परत पाठवतेय. लोभाची ओळ या पत्राला नाही.

ब्रोनिस्लावा